जंबुपार लेसरसाठी सेंद्रिय संयुगांची परीक्षा

नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर २० मध्ये विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे संकुल आहे. ‘ब्रिट’ या नावाने ते अधिक ओळखले जाते. १९८९ साली स्थापन झालेले हे मंडळ रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे पुरवते, मसाल्यांवर किरणप्रक्रिया करणारे केंद्र चालवते आणि कार्बन-१४ किंवा ट्रिशियम यांनी अंकित केलेली संयुगे संशोधकांपर्यंत पोहोचवते. ट्रिशियममधून बाहेर पडणाऱ्या बीटा कणांची कमाल ऊर्जा केवळ १८.६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. गायगर नळीची पातळ खिडकीसुद्धा त्यांना ओलांडता येत नाही. म्हणून असा नमुना मोजताना तो थेट एका द्रवात मिसळतात. त्या द्रवात एखादे सेंद्रिय संयुग विरघळवलेले असते. बीटा कणाची ऊर्जा अखेर त्या संयुगाच्या रेणूकडे येते, रेणू क्षणभर चमकतो आणि ती चमक प्रकाशगुणक नळी टिपते. भारतातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ट्रिशियम निर्माण होत असल्याने ही मोजणी आपल्या अणुशास्त्रीय प्रयोगशाळांत नित्याची आहे.

या मोजणीत वापरली जाणारी संयुगे म्हणजे पॅरा-टर्फेनिल, डायफेनिल-ऑक्झाझोल अर्थात ‘पीपीओ’, आणि ‘पीओपीओपी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा त्याचाच मोठा भाऊबंद. किरणोत्सार मोजणाऱ्यांना ती १९५० च्या दशकापासून परिचित आहेत. परंतु या संयुगांना दुसरेही एक चरित्र आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. जंबुपार, म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट, लेसर देणारे पहिले सेंद्रिय पदार्थ याच मंडळीत सापडले. कोणते संयुग असा लेसर देईल, कोणते देणार नाही आणि का, याची पद्धतशीर परीक्षा हा रसायनशास्त्र व प्रकाशशास्त्र यांच्या सीमेवरील एक विलक्षण विषय आहे.

प्रथम प्रकाशाच्या पट्ट्याची मर्यादा निश्चित करू. मानवी डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ४०० नॅनोमीटरच्या खाली जंबुपार पट्टा सुरू होतो. पृथ्वीवर पोहोचणारा सूर्याचा जंबुपार प्रकाश साधारण ३०० नॅनोमीटरच्या अलीकडचा असतो, त्याखालचा भाग ओझोनचा थर शोषून घेतो. या लेखात ज्याला जंबुपार सेंद्रिय लेसर म्हटले आहे त्याचे राज्य या ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातच आहे. त्याखाली कोणत्याही सेंद्रिय रंजकाला अद्याप जाता आलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

लेसर हे उपकरण १९६० साली थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून सिद्ध केले. त्यानंतरच्या काही वर्षांत वायू, अर्धवाहक, काच अशा अनेक माध्यमांतून लेसर मिळू लागले. या कालखंडात महाराष्ट्राशी नाते असलेले एक नाव जगभर पोहोचले. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. तो प्रकाशपट्टाच्या दुसऱ्या टोकाचा, १०.६ मायक्रोमीटरचा, अवरक्त लेसर. पटेल यांचे माध्यम तीन अणूंचा साधा रेणू होते. अनेक अणूंच्या मोठ्या सेंद्रिय रेणूतून लेसर निघेल, ही कल्पना त्यानंतर दोनच वर्षांनी खरी ठरली.

१९६६ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात पीटर सोरोकिन आणि जॉन लँकार्ड हे माणिक लेसरचा प्रकाश थॅलोसायनिन वर्गातील एका रंजकाच्या द्रावणावर टाकत होते. त्यांना रंजकातून लेसर किरण मिळाला, तो लाल व अवरक्त यांच्या सीमेवरचा. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्झ शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनिन रंजकांवर स्वतंत्रपणे हाच परिणाम पाहिला. पुढच्याच वर्षी सॉफर आणि मॅकफार्लंड यांनी आरशाच्या जागी विवर्तन जाळी बसवून या लेसरची तरंगलांबी हवी तशी बदलता येते हे दाखवले. रंजक लेसरचे खरे मोल यातच आहे. माणकाचा लेसर ६९४.३ नॅनोमीटरचा, हेलियम-निऑनचा ६३२.८ चा. त्यांत फेरफार जवळजवळ नाहीच. रंजकाचा उत्सर्जनपट्टा मात्र तीस-चाळीस नॅनोमीटर रुंद असतो आणि जाळी फिरवून त्यातील कोणतीही तरंगलांबी निवडता येते. १९७० मध्ये कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत र्‍होडामिन-६जी या रंजकाचा अखंड लेसरही साध्य झाला.

लाल, पिवळा, हिरवा, निळा असा हा प्रवास जंबुपाराकडे सरकणे क्रमप्राप्त होते. १९७० मध्ये फुरुमोटो आणि सेकन यांनी चमकदिव्याने उत्तेजित केलेल्या जंबुपार सेंद्रिय द्रव लेसरांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पॅरा-टर्फेनिलचा लेसर सुमारे ३४१ नॅनोमीटरला, पॅरा-क्वाटरफेनिलचा सुमारे ३७४ ला आणि पीपीओचा सुमारे ३८१ ला मिळाला होता. पीओपीओपीचा लेसर सुमारे ४१९ नॅनोमीटरला, म्हणजे जंबुपाराच्या उंबरठ्याबाहेर, जांभळ्या रंगात होता. किरणोत्सार मोजणाऱ्यांच्या कपाटातील बाटल्याच जणू येथे उपयोगी पडल्या. यात योगायोग नाही. दोन्ही कामांना रेणूकडून हवे असते ते एकच: घेतलेली ऊर्जा उष्णतेत वाया न घालवता, जितक्या लवकर शक्य तितक्या लवकर, प्रकाशाच्या रूपाने परत करणे.

सेंद्रिय रेणू लेसर कसा देतो, हे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. रेणूवर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की तो मूळ स्थितीतून पहिल्या उत्तेजित एकपद स्थितीत जातो. प्रयोगशाळेत तिला सिंगलेट म्हणतात. ही स्थिती एकच रेषा नसून कंपनांच्या अनेक उपपातळ्यांचा पट्टा असते. रेणू त्या पट्ट्याच्या वरच्या भागात पोहोचतो आणि एका सेकंदाच्या अब्जांशाहूनही पुष्कळ कमी वेळात तळाशी घसरतो. तेथून तो मूळ स्थितीच्या वरच्या कंपनपातळीवर उतरतो आणि त्या वेळी अनुस्फुरणाचा, म्हणजे फ्लूरोसन्सचा, प्रकाश देतो, आणि मग मूळ स्थितीच्या तळाशी घसरतो. दोन्ही घसरणींत थोडी ऊर्जा उष्णतेत गेलेली असल्याने बाहेर आलेल्या प्रकाशाची तरंगलांबी आत घेतलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते. या फरकामुळे रेणूने दिलेला प्रकाश शेजारचे रेणू पुन्हा शोषून घेत नाहीत. परिणामी चार पातळ्यांची आदर्श लेसर व्यवस्था एकाच रेणूत, कोणत्याही बाह्य योजनेशिवाय, तयार मिळते. उत्तेजित रेणूंची संख्या पुरेशी झाली की एकाचा प्रकाश दुसऱ्याला उतरायला लावतो, आणि लेसर सुरू होतो.

जंबुपारात हे सारे अवघड का होते, याची तीन कारणे आहेत, आणि तिन्ही सारखी महत्त्वाची नाहीत. पहिले आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून येते. उत्तेजित रेणू आपोआप प्रकाश देण्याची प्रवृत्ती आणि प्रेरणेने प्रकाश देण्याची प्रवृत्ती यांचे गुणोत्तर वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तरंगलांबी ६८० वरून ३४० नॅनोमीटरवर आणली की हे गुणोत्तर आठपट होते. म्हणजे रेणूंना उत्तेजित अवस्थेत धरून ठेवणे कठीण जाते, आणि त्यांना त्या अवस्थेत नेणारा दिवा किंवा लेसर तितकाच जोरकस व वेगवान लागतो.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या एका मोलभर फोटॉनांची ऊर्जा सुमारे १७१ किलोज्यूल असते. ३४० नॅनोमीटरला ती सुमारे ३५२ किलोज्यूल होते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा सुमारे ३४७ किलोज्यूल आहे. या दोन आकड्यांची जवळीक हीच जंबुपार रंजकांची खरी मर्यादा होय. रेणूला लेसर देण्यासाठी जी ऊर्जा द्यावी लागते, त्याच ऊर्जेत तो फुटण्याची शक्यता असते. पॅरा-टर्फेनिल टिकतो, कारण त्याचे बेंझिन वलय एकेरी बंधांपेक्षा पुष्कळ बळकट आहे आणि शोषलेली ऊर्जा संपूर्ण रेणूवर पसरते. परंतु तरंगलांबी आणखी खाली नेण्यासाठी रेणू लहान करावा लागतो. लहान रेणूत ऊर्जा पसरायला जागा कमी, आणि उत्तेजनासाठी लागणारे फोटॉन अधिक तीव्र. सेंद्रिय रंजक लेसरांची ज्ञात किमान तरंगलांबी ३१० नॅनोमीटरच्या आसपास येऊन थांबली, ती याच कोंडीमुळे.

तिसरे कारण द्रावकाचे. अ‍ॅसिटोन सुमारे ३३० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवतो, टोल्युइन सुमारे २८५ च्या खालचा. सायक्लोहेक्झेन आणि इथेनॉल मात्र २१० च्या आसपासपर्यंत पारदर्शक राहतात. म्हणून निवड मोजक्या द्रवांतून करावी लागते, आणि लांब साखळीचे सुगंधी रेणू नेमके याच द्रवांत कंजूषपणे विरघळतात. यावर रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय सुंदर आहे. क्वाटरफेनिलच्या दोन्ही टोकांना लांब अल्कॉक्सी शेपट्या जोडल्या की ‘बीबीक्यू’ हे संयुग मिळते. त्याचा लेसर सुमारे ३८६ नॅनोमीटरला येतो आणि विद्राव्यता कितीतरी पटींनी वाढते. शेपट्या प्रकाश देण्यात भाग घेत नाहीत, त्या रेणूला द्रवात केवळ सुखाने राहू देतात.

आता या संयुगांचे वर्गीकरण. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा वर्ग ओलिगोफेनिलींचा, म्हणजे एकापुढे एक सरळ रेषेत जोडलेल्या बेंझिन वलयांचा. दोन वलयांचे बायफेनिल हे या घराण्याचे पहिले सदस्य, पण परीक्षेत ते नापास होते. त्याची अनुस्फुरण कार्यक्षमता केवळ ०.१५ ते ०.१८ आहे, म्हणजे शंभर उत्तेजित रेणूंपैकी पंधरा-अठराच प्रकाश देतात. तीन वलयांच्या पॅरा-टर्फेनिलमध्ये ती ०.९ च्या पुढे जाते आणि उत्तेजित स्थितीचे आयुष्य सुमारे एक नॅनोसेकंद होते. एका वलयाने घडवलेला हा बदल नजरेत भरतो. तेच तिसरे वलय सरळ रेषेत न जोडता मेटा स्थानी जोडले, तर शोषणपट्टा बायफेनिलच्याच जागी राहतो, जणू लांबी वाढलीच नाही. रेणूची लांबी केवळ अणूंच्या संख्येने ठरत नसून इलेक्ट्रॉनांना मोकळेपणी फिरण्यास किती अंतर मिळते त्यावर ठरते.

बायफेनिलविषयी आणखी एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. त्याची दोन वलये एकमेकांच्या तुलनेत वळू शकतात. याच वलयांमध्ये एका कार्बनचा पूल बांधला की फ्लुओरीन तयार होते. वलये आता एका पातळीत जखडलेली असतात आणि अनुस्फुरण कार्यक्षमता ०.७ ते ०.८ पर्यंत पोहोचते. ताठरपणा हा लेसर रंजकाचा फार मोठा गुण आहे. ट्रान्स-स्टिल्बीन रेणूत याची उलट बाजू दिसते. उत्तेजित झाल्यावर त्याचा दुहेरी बंध वळतो आणि ऊर्जा वळण्यातच संपते, प्रकाश जवळजवळ मिळत नाही.

दुसरा वर्ग ऑक्झाझोल व ऑक्झाडायझोल यांचा. पीपीओ, पीबीडी आणि ब्युटिल-पीबीडी ही त्यातील प्रमुख नावे. वलयात नायट्रोजन व ऑक्सिजन असूनही या संयुगांची अनुस्फुरण कार्यक्षमता उच्च राहते. तिसऱ्या वर्गात स्टिल्बीनची सल्फोनेटे येतात. टोकांना मोठे गट आल्याने वळण्याचा दोष येथे पुष्कळ आटोक्यात येतो. हा वर्ग मराठी घरांना अप्रत्यक्षपणे परिचित आहे. कपड्यांना शुभ्रता देणाऱ्या द्रव्यांचे ‘टिनोपाल’ हे नाव कित्येक वर्षे प्रत्येक वाणसामानाच्या यादीत असे. या शुभ्रकारकांतील टिनोपाल सीबीएस हे संयुग सूर्यप्रकाशातील जंबुपार भाग शोषून निळसर प्रकाश देते, म्हणून पिवळट पडलेला कपडा डोळ्याला पांढरा भासतो. प्रयोगशाळेत हेच संयुग स्टिल्बीन-४२० या नावाने लेसर रंजक म्हणून विकले जाते आणि सुमारे ४२० ते ४२५ नॅनोमीटरला लेसर देते. चौथा वर्ग कूमारिनांचा. त्यांचा मुख्य मुलूख निळा व हिरवा असल्याने येथे त्यांचा केवळ उल्लेख पुरेसा आहे.

जी संयुगे हमखास नापास होतात त्यांचेही वर्ग आहेत. नायट्रो गट असलेली संयुगे बहुधा चमकतच नाहीत. ब्रोमीन व आयोडीन यांसारखे जड अणू जोडले की रेणू एकपद स्थितीतून त्रिपद, म्हणजे ट्रिप्लेट, स्थितीत घसरतो. बेंझोफिनोनसारखी कार्बोनिल संयुगे जंबुपार प्रकाश शोषतात, पण त्यांची ऊर्जा जवळजवळ पूर्णपणे त्रिपद स्थितीत जाते. नॅफ्थलिनची, आपल्या डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलिनची, अडचण निराळी. त्याच्या उत्तेजित स्थितीचे आयुष्य शंभर नॅनोसेकंदांच्या जवळपास आहे. इतक्या सावकाश प्रकाश देणाऱ्या रेणूची प्रेरित उत्सर्जनाची शक्ती अगदी क्षीण असते.

त्रिपद स्थितीविषयी थोडे अधिक. तीत अडकलेला रेणू मूळ स्थितीत परतायला मायक्रोसेकंदांपासून सेकंदांपर्यंत वेळ घेतो, आणि तोवर तो निरुपयोगी असतोच, शिवाय स्वतः लेसरचा प्रकाश शोषत राहतो. अमेरिकी नौदलाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेत थिओडोर पाव्लोपौलोस यांनी या त्रिपद शोषणाच्या मापनाला आयुष्याची अनेक वर्षे दिली. अनुस्फुरण उत्तम असूनही संयुग लेसर का देत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या मापनात सापडते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी गौरवले गेलेले काम हेच.

प्रत्यक्ष परीक्षेला शुद्धीकरणाने आरंभ होतो. पुनःस्फटिकीकरण, संप्लवन किंवा वर्णलेखन यांनी संयुग शुद्ध करतात, कारण लाखात एखादा भाग असलेली अँथ्रासीनसारखी अशुद्धीही वर्णपटात स्वतःचा प्रकाश मिसळते. त्यानंतर द्रावण क्वार्ट्झच्या चौकोनी कुपीत घेतात. साध्या काचेची कुपी चालत नाही, ती ३२० नॅनोमीटरच्या आसपासपासून जंबुपार प्रकाश अडवू लागते. शोषण वर्णपट आणि अनुस्फुरण वर्णपट घेऊन त्यांतील अंतर व आच्छादन तपासतात. अनुस्फुरण कार्यक्षमता एखाद्या प्रमाणित द्रावणाशी तुलना करून काढतात. सल्फ्युरिक आम्लातील क्विनाइन सल्फेट हे असे जुने विश्वसनीय प्रमाण आहे आणि त्याची कार्यक्षमता सुमारे ०.५४ मानली जाते. मलेरियाच्या औषधाचा प्रकाशमापनातील हा उपयोग शंभरहून अधिक वर्षांच्या परिचयातून आलेला आहे. पुढे एकेक फोटॉन मोजण्याच्या तंत्राने उत्तेजित स्थितीचे आयुष्य ठरवतात.

येथवर उत्तीर्ण झालेले संयुग लेसर चाचणीस पात्र होते. १९६३ मध्ये हर्ड यांनी शोधलेला नायट्रोजन लेसर या कामी दीर्घकाळ उपयोगी पडला. त्याचा प्रकाश ३३७.१ नॅनोमीटरचा आणि स्पंद काही नॅनोसेकंदांचा, इतका अल्प की त्रिपद स्थितीत रेणू साचण्यापूर्वीच काम उरकते. हा प्रकाश दंडगोल भिंगाने एका बारीक रेषेत आणून कुपीच्या दर्शनी भिंतीवर पाडतात. द्रावणाची संहती लिटरला एक सहस्रांश मोल आणि मोलर शोषकता ३०,००० असेल, तर नव्वद टक्के प्रकाश पहिल्या एक तृतीयांश मिलिमीटरमध्येच शोषला जातो. म्हणून लेसर द्रवाच्या अगदी पृष्ठालगतच्या थरात, रेषेच्या दिशेने तयार होतो. सुरुवातीला तीस-चाळीस नॅनोमीटर रुंद असलेला वर्णपट उत्तेजक ऊर्जा वाढवताच एकाएकी आकसून काही नॅनोमीटरवर येतो. विवर्धन सुरू झाल्याची ही खूण आहे. पुढे एका बाजूस आरसा व दुसऱ्या बाजूस जाळी ठेवून कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत लेसर चालतो, किती ऊर्जेला सुरू होतो आणि घेतलेल्या ऊर्जेपैकी किती परत देतो, याचे तक्ते तयार करतात.

पॅरा-टर्फेनिलला मात्र नायट्रोजन लेसर उपयोगाचा नाही. तो मुख्यतः २८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करतो आणि ३३७ चा प्रकाश त्याच्यातून तसाच निघून जातो. १९७५ नंतर आलेल्या एक्सायमर लेसरांनी ही अडचण दूर केली. क्रिप्टॉन फ्लुओराइडचा २४८ नॅनोमीटरचा आणि झेनॉन क्लोराइडचा ३०८ नॅनोमीटरचा प्रकाश या संयुगांना उत्तेजित करू शकतो. शेवटची चाचणी टिकाऊपणाची: किती स्पंदांनंतर लेसरची ऊर्जा निम्म्यावर येते. अनेक नामांकित संयुगे येथे कोसळतात, कारण फुटलेल्या रेणूंचे अवशेष नेमक्या लेसरच्या तरंगलांबीला शोषण करू लागतात.

आता आपल्या परिसराकडे. वाशी खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये अणुशक्ती आस्थापना उभी राहिली आणि १९६७ मध्ये तिला होमी भाभा यांचे नाव मिळाले. तेथील लेसर संशोधनाची उभारणी करणाऱ्यांत डॉ. दिलीप भवाळकर यांचे नाव अग्रभागी आहे. पुढे इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे, आजच्या राजा रामण्णा केंद्राचे, ते संस्थापक संचालक झाले. भाभा केंद्रात व इंदुरात तांब्याच्या बाष्पाच्या लेसरने चालणारे रंजक लेसर विकसित झाले. तांब्याच्या बाष्पाचा प्रकाश ५१०.६ आणि ५७८.२ नॅनोमीटरचा असल्याने हे काम दृश्य पट्ट्यातले आहे. मूलद्रव्याच्या एका समस्थानिकाला अचूक निवडून उत्तेजित करणे हे त्याचे एक प्रमुख प्रयोजन. या रंजकांचा टिकाऊपणा वाढवण्यासाठी पायरोमेथीन-५६७ च्या द्रावणात ‘डॅबको’ हे संयुग मिसळण्याचे प्रयोग भाभा केंद्रात झाले. डॅबको उत्तेजित ऑक्सिजनला निष्प्रभ करते, आणि रंजकाचा मुख्य शत्रू तोच असतो. कूमारिन-१२० व कूमारिन-१५१ यांची उत्तेजित स्थिती निरनिराळ्या द्रावकांत कशी वागते, याचाही तेथील प्रकाशरसायनशास्त्रज्ञांनी सूक्ष्म अभ्यास केला. पद्धती त्याच, फक्त तरंगलांबी मोठी.

या परंपरेचे दुसरे मूळ माटुंग्याला आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला आणि १९३८ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे तेच पहिले भारतीय संचालक झाले. कापड रंगवण्याच्या गरजेतून वाढलेले हे ज्ञान अनुस्फुरक रंजकांच्या संशोधनापर्यंत पोहोचले, आणि माटुंग्याच्या त्या संस्थेत ते आजही चालू आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आणि तळोज्यातील रसायन कारखान्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांत तिचे स्थान मोठे आहे.

जंबुपार रंजकांची मागणी १९९० नंतर कमी झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. र्‍होडामिनचा पिवळा लेसर बेरियम बोरेटसारख्या स्फटिकातून नेला की त्याची वारंवारता दुप्पट होते आणि २८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश मिळतो. बहुतेक प्रयोगशाळा हाच मार्ग पत्करतात. ज्वालेतील किंवा वातावरणातील हायड्रॉक्सिल मूलक ३०८ नॅनोमीटरच्या परिसरात ओळखण्यासाठीही अशी दुप्पट केलेली किरणे वापरली जातात. टायटेनियम-नीलमण्याचे लेसर आणि गॅलियम नायट्राइडचे डायोड यांनी उरलेले क्षेत्रही बरेचसे व्यापले.

तरीही संयुगांची परीक्षा संपलेली नाही, तिचे माध्यम बदलले आहे. द्रवाऐवजी आता पातळ घन पापुद्र्यांवर चाचण्या होतात. १९९६ मध्ये संयुग्मित बहुवारिकांतून लेसर मिळाला. २००५ मध्ये स्पायरो-टर्फेनिल या संयुगाच्या पापुद्र्यातून सुमारे ३६० ते ३९५ नॅनोमीटरमधील घन जंबुपार लेसर सिद्ध झाला. दोन टर्फेनिल एकमेकांना काटकोनात जखडून हा रेणू बनवतात, त्यामुळे पापुद्रा स्फटिकरूप होऊन प्रकाश विखुरत नाही. पॅरा-टर्फेनिलचे घराणे पस्तीस वर्षांनी पुन्हा पुढे आले. विजेवर थेट चालणारा सेंद्रिय लेसर डायोड जपानमधील क्युशू विद्यापीठात २०१९ मध्ये जाहीर झाला. तो निळा आहे.

नवी मुंबई, पनवेल, ठाणे या भागांतील रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांत दरवर्षी अनेक नवी सुगंधी संयुगे तयार होतात. त्यांतील बहुतेकांचे शोषण वर्णपट घेतले जातात आणि तेथेच काम थांबते. प्राध्यापक व विद्यार्थी यांना विनंती अशी की अनुस्फुरण वर्णपटही घ्यावा, क्विनाइन सल्फेटशी तुलना करून कार्यक्षमता काढावी, द्रावक, संहती व उत्तेजक तरंगलांबी नेमकी लिहावी, आणि संयुग चमकले नाही तर तेही तितक्याच काळजीने छापावे. जंबुपार दिव्यांसमोर काम करताना डोळ्यांवर योग्य चष्मा असल्याखेरीज कुपीकडे पाहू नये, आणि नायट्रोजन लेसर स्वतः बांधायचा असेल तर हजारो व्होल्टचा तो विद्युतसंच जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये.